सोडा मकान

नागपूर आणि सिंगापूर यांच्यात आईला फार अंतर वाटत नव्हतं. "दोन्ही पूरच तं आहे," असं ती गल्लीतल्या बायकांना सांगायची. "कामठीच्या जराशी पुढं समजा." बायका माना डोलवायच्या, कारण त्यांच्यापैकी एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. आईनंही नव्हता. मी मॅट्रिक झालेली, नकाशा पाहिलेली, म्हणून घरात भीती वाटत होती ती फक्त मला.

मध्य प्रदेशाची राजधानी अजून नागपुरातच होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. आजोबांनी जन्मभर हातमाग चालवला, बाबांनी तो सोडून मिलच्या ऑफिसात नोकरी धरली, आणि आम्ही इतवारीत दोन खोल्यांत किरायानं राहत होतो. आमच्या घरमालकाबद्दल इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नागपुरात घराला घरच म्हणतात, पण ते किरायाचं झालं की त्याचं मकान होतं. दोन-तीन महिने गेले की मालक काठी टेकत दारात यायचा आणि म्हणायचा, "सोडा मकान." आम्ही सोडायचो नाही, आणि सोडणार नाही हे त्यालाही ठाऊक असायचं. पण ते दोन शब्द कानावर पडले की आईचं रक्त उकळायचं, आणि त्या दिवशीच्या भाजीत तिखट दुप्पट पडायचं.

माझी मोठी बहीण, आमची ताई, लग्न होऊन सिंगापूरला गेली होती. भाऊजी गांधीबागेतल्या एका कापडाच्या पेढीवर कामाला होते. पेढीवाल्यांच्या भावाचं सिंगापुरात दुकान होतं, तिथं त्यांना भरवशाचा माणूस हवा होता, म्हणून यांना धाडलं. तिथं ताईला पहिल्यांदा दिवस गेले आणि चौथ्या महिन्यातच सगळं संपलं. आम्हाला ते कळलं दोन ओळींच्या पत्रानं. तेव्हापासून आईच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती: पोरगी तिकडे एकटी आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हा रिवाज, पण तिथल्या डॉक्टरीणबाईनं बोटीचा प्रवास मना केला. आई म्हणाली, "ते येऊ शकत नाही, तं आपण जाऊ." बाबांना रजा मिळण्यासारखी नव्हती. मला इंग्रजी पाट्या वाचता येत होत्या, म्हणून माझी निवड झाली. आईचा बेत पक्का होता. बाळंतपण करायचं, सव्वा महिना झाला की ताईला आणि बाळाला घेऊन नागपूरला परत यायचं, आणि मग तिला पाठवायचंच नाही. "जवाईबापू येतील मागं मागं," ती म्हणायची. "गांधीबागेत दुकानं काय कमी आहेत?"

ताई बाबांची फार लाडकी होती. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस हलायला लागली तेव्हा खिडकीचा गज धरून ते चार पावलं चालले आणि आईला म्हणाले, "आनशील ना तिले?"

"आनतो म्हनलं ना," आई म्हणाली.

बोटीबद्दल मी काही लिहिणार नाही. मद्रासपासून पुढं मी बहुतेक वेळ आडवीच होते. आई मात्र डेकवर पाय पसरून बसायची, जवस निवडायची आणि तमिळ बायकांशी नागपुरी हिंदीत गप्पा मारायची. त्यांना हिंदी येत नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत जाणवलं नाही.

सिंगापूर प्रथम पाहिलं तेव्हा मी खरंच तोंड उघडं टाकून उभी राहिले. बंदरात बोटींची नुसती दाटी. मोठ्या बोटी लांब उभ्या, आणि त्यांच्याभोवती डोळे रंगवलेल्या लाकडी होड्या पोत्यांनी भरून इकडून तिकडे पळत होत्या. धक्क्यावर चिनी, मलायी, तमिळ, शीख, गोरे, सगळे एकाच वेळी ओरडत होते, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं. नागपूरच्या स्टेशनावर दोन हमाल एका भाषेत भांडतात तरी एकमेकांचं त्यांना कळत नाही.

भाऊजी आणायला आले होते. आम्हाला त्यांनी तीन चाकी सायकलरिक्षात बसवलं आणि स्वतः सामानासकट दुसरीत बसले. रस्ता सुरू झाला आणि माझी मान जी एकदा बाहेर गेली ती घरी पोचेपर्यंत आत आली नाही. दुकानांवर उभ्या चिनी पाट्या, लाल आणि सोनेरी. दुकानांपुढून छपराचा ओटा सलग गेलेला, त्यावर कोणी जेवतंय, कोणी दाढी करतंय, कोणी देवाला उदबत्त्या लावतंय. एक म्हातारा खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला अख्खं उपाहारगृह घेऊन चालला होता. वरच्या विजेच्या तारेवर चालणारी, आवाज न करणारी बस शेजारून गेली. वरच्या मजल्यांतून बांबू बाहेर काढलेले आणि त्यांवर साऱ्या गल्लीचे कपडे वाळत घातलेले.

आईनं शहराकडे पाहिलंच नाही. तिनं कपड्यांकडे पाहिलं. विणकराची सून ती. "ते पाहा, ते निळं," ती मला कोपरानं ढोसत होती, "काठ विणलेला नाही, छापलेला आहे. आन् हे तं धुतल्या धुतल्या आटनार." एका चौकात रिक्षा थांबली तेव्हा शेजारून चाललेल्या एका मलायी बाईच्या लुंगीचा काठ तिनं सरळ चिमटीत धरून पोत पाहिला. बाई दचकली. आईनं मान हलवून पसंती दिली. बाईला काय वाटलं कोण जाणे, पण तीही हसली.

चिनी लोकांचं नवं वर्ष तोंडावर आलं होतं. दिवसभर फटाक्यांच्या माळा तडतडत, आणि सकाळी गल्लीत लाल कागदांचा थर पडलेला असे. त्यातही आईला वेड लावलं ते संत्र्यांनी. जो तो हातात दोन दोन संत्री घेऊन दुसऱ्याच्या घरी चाललेला. दोन द्यायची, दोन घ्यायची. आईला वाटलं की नागपूरची कीर्ती इथवर पोचली. मोठ्या अभिमानानं तिनं एक विकत घेऊन सोललं, फोड तोंडात टाकली आणि थोडा वेळ विचार केला.

"गोड आहे," ती म्हणाली. "पन येडं गोड आहे. आंबटच नाही. ह्याले काय संत्रं म्हनाचं?"

बाजारात तर तिची फारच फटफजिती झाली. सेरंगून रोडच्या बाजारात एका तमिळ भाजीवाल्याकडे तिनं सांबार मागितला. आम्ही नागपूरकर कोथिंबिरीला सांबार म्हणतो. भाजीवाल्यानं अगत्यानं समोरच्या खानावळीकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "शिजवलेला नाही, कच्चा." त्यानं पुन्हा तिकडेच बोट दाखवलं. शेवटी खानावळीतला माणूस वाटीभर सांबार घेऊन आला आणि आईपुढं धरला. आईनं तो पाहिला, पाहुणचाराच्या अन्नाला नाही म्हणू नये म्हणून प्यायला, आणि मला म्हणाली, "हिरवं काहीच नाही वं त्यात." मी हसून हसून टोपली सांडली. आजही कोणी कोथिंबीर म्हटलं की मला तो गोंधळलेला भाजीवाला दिसतो.

मला ते शहर आवडलं. अगदी मनापासून आवडलं. नागपूरचं ऊन भाजतं, इथली हवा उकडायची. दुपारी आभाळ भरून यायचं, बदाबदा ओतायचं आणि घटकाभरात काही झालंच नाही अशा थाटात रस्ते वाफ सोडायचे. बांधकामावर डोक्याला लाल फडकी बांधलेल्या चिनी बायका विटा वाहताना दिसायच्या. संध्याकाळी शेवयांवाला बांबूच्या दोन काड्या टकटक वाजवत यायचा. बायका एकट्या बाजारात जात, सायकल चालवत, दुकानाच्या गल्ल्यावर बसत, आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे. इतवारीत मी खिडकीत जरा जास्त वेळ उभी राहिले तरी तीन घरांत चर्चा व्हायची. मी ताईला सांगूनही टाकलं की मला इथंच एखादा नवरा पाहून दे. ताई म्हणाली, "आईले विचार." तिथंच तो विषय मिटला.

ताईचं घर एका बैठ्या चाळीसारख्या ओळीत होतं. पुढं ओटा, मागं छोटं अंगण, आणि शेजारच्या अंगणात नि आपल्यात कमरेएवढी भिंत. पलीकडे एक मलायी बाई राहायची. आईच्याच वयाची, गोल चेहऱ्याची, तोंडात कायम विडा. तिचा नवरा कुठल्याशा साहेबाची मोटार चालवायचा. ताई तिला त्यांच्या भाषेत मावशीच म्हणायची.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आई अंगणात भांडी घासत होती. ती बाई भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली, हसली आणि म्हणाली, "सुडा माकान?"

आईच्या हातातलं भांडं थांबलं.

आत येऊन ती मला हळूच म्हणाली, "हे मकानवाली आहे. सोडा मकान म्हनून राहिली."

मी म्हटलं, "असं कसं म्हणेल?" पण दुसऱ्या दिवशी मीही कान देऊन ऐकलं आणि मलाही तेच ऐकू आलं. तिसऱ्या दिवशीही तेच. शिवाय लक्षणं सगळी मालकिणीचीच. ती न विचारता मागच्या दारानं आत यायची, नळ गळतोय का पाहायची, पन्हळीत अडकलेली पानं काठीनं काढायची, एकदा तर आमच्या चुलीचा धूर कुठं जातो तेही वाकून पाहून गेली. इतवारीच्या मालकालाही इतकी काळजी नव्हती.

तुम्ही म्हणाल, ताईला विचारायचं. पण ताईचे दिवस भरत आले होते, आणि अवघडलेल्या पोरीच्या कानावर असलं काही घालायचं नाही, हा आईचा कायदा. मग भाऊजींना विचारायचं. पण जावयाला किरायाची गोष्ट विचारायची म्हणजे त्याच्या मिशीला हात घालण्यासारखं; सासूनं विचारायची ही गोष्टच नव्हे. त्यामुळं आई आणि मी दोघीच ते दुःख पोटात घेऊन हिंडत होतो. आईचा बेत मात्र त्या दिवसापासून दगडासारखा घट्ट झाला. "जिथं रोज उठून मकान सोडा म्हनते, तिथं माही पोरगी ठेवू का?" ती म्हणायची. "एक तं लेकरू गेलं इथं. आता तं जागाही राह्यली नाही."

सुरुवातीला आई नम्रपणे उत्तर द्यायची. "सोडू बाई, सोडू. पोरगी मोकळी होऊ दे." त्यातलं त्या बाईला काय समजायचं कोण जाणे, ती आईचा पडलेला चेहरा पाहून घाईनं आत जायची आणि बशीभर केळ्याची भजी घेऊन यायची. आई भजी घ्यायची. चांगली असायची ती, कुरकुरीत. खाताना आई म्हणायची, "गोड खाऊ घालून काढनार. आमचा मालक तं कोरडाच काढते." आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच: "सुडा माकान?"

एका सकाळी आईचा बांध फुटला. आदल्या दिवशी ताईचे पाय फार सुजले होते, आईला झोप नव्हती, आणि भिंतीपलीकडून तो गोल चेहरा नेहमीसारखा हसत वर आला. आईनं त्या बाईला तोंडही उघडू दिलं नाही. पदर खोचला आणि सुरू केलं.

"काहून वं बाई, तुले काही लाजबिज आहे का नाही? पोरीचे दिवस भरून राहिले आन् तू सकाळ झाली की भिंतीवर. सोडा मकान, सोडा मकान. माहा जवाई किराया देऊन राहिला ना? फुकट तं नाही राहून राहिलो आमी? थांब जराशी. पोरगी मोकळी झाली की घे तुहं मकान, आन् बांध त्यात बकऱ्या. नेतो मी तिले नागपूरले."

त्या बाईला एकच शब्द कळला: मकान. तो आईनं इतक्या वेळा आणि इतक्या कळवळ्यानं उच्चारला होता, की तिचे डोळे मोठे झाले. गालाला हात लावून ती धावत आत गेली आणि बशी नव्हे, अख्खं पातेलंच घेऊन आली. नारळाच्या दुधातला भात होता. वर केळीचं पान घालून ते तिनं भिंतीवरून आईच्या हातात कोंबलं आणि हातानं खूण केली: खा, खा.

आई पातेलं धरून उभी. तेवढ्यात आवाज ऐकून ताई बाहेर आली. "काय झालं वं आई?"

आईनं सगळं सांगून टाकलं. कायदा मोडला तो मोडलाच. ताई ऐकत गेली, आणि मधेच तिनं भिंतीला हात टेकला. मला वाटलं कळा सुरू झाल्या. पण ती हसत होती. हसत हसत ती धुण्याच्या दगडावर बसली, पोट दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून पाणी.

"अवं आई," तिला धड बोलताही येईना, "सुडा म्हंजे झालं. माकान म्हंजे जेवण. जेवण झालं का, असं विचारून राहिली ते तुले. इथं सगळे असंच विचारतात. आपन नाही म्हनत, काय चाललं?"

मी हसायला लागले. आई हसली नाही. ती त्या बाईकडे पाहत होती आणि हातातलं पातेलं तिला ठेवता येत नव्हतं.

"मंग रोज रोज कायले विचारते?" ती म्हणाली. "सकाळी आपन उठत नाही तं ते हजर."

ताईचं हसू ओसरलं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "ते मागच्या वर्षीपासून विचारते." आणि मग जे तिनं पत्रात लिहिलं नव्हतं ते दगडावर बसून सांगितलं. पहिलं गेलं तेव्हा भाऊजी दुकानाच्या कामानं मलाक्क्याला गेले होते. ह्याच बाईनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तीच रात्रंदिवस जवळ बसली. घरी आल्यावर ताईनं अन्नच टाकलं. भाऊजी समजावून थकले. ही बाई सकाळी भिंतीवर यायची आणि विचारायची, जेवण झालं? ताई नाही म्हणायची. मग ती पातेलं घेऊन यायची आणि ताईच्या समोर बसायची. बोलायची काही नाही, कारण ताईला तेव्हा भाषाही येत नव्हती. ताईनं दोन घास खाल्ले की पातेलं उचलून जायची. "तिच्यापायी जेवले मी," ताई म्हणाली. "नाहीतं आज तुले नसते दिसले."

आईनं पातेलं खाली ठेवलं. भिंतीपाशी गेली आणि त्या बाईचे दोन्ही हात धरले. इतवारीत कोणाला न हरलेली माझी आई त्या दिवशी शब्दाला महाग झाली. शेवटी तिनं खाली वाकून त्या बाईला नमस्कारच केला. ती बाई गडबडून गेली, आणि मला, का कोण जाणे, रडू यायला लागलं.

ताईनं तिला सगळा घोटाळा तिच्या भाषेत सांगितला तेव्हा मात्र तिच्या तोंडातला विडा बाहेर पडायचा राहिला. संध्याकाळपर्यंत साऱ्या ओळीला ही गोष्ट कळली होती. समोरची चिनी म्हातारीसुद्धा मला पाहून "मकान, मकान" करून हसायला लागली.

त्यानंतर त्या दोघींचं जे गूळपीठ जमलं ते विचारू नका. एक मराठीत बोलायची, दुसरी मलायीत, आणि दोघींचंही बोलणं अडायचं नाही. आईनं पाटवडीचा रस्सा केला, आमच्याकडच्या मसाल्याचा, जो पहिल्यांदा खाणाऱ्याचे कान लाल करतो. त्या बाईनं वाटी चाटूनपुसून संपवली आणि घरून स्वतःची मिरचीची चटणी आणून दाखवली, म्हणजे हे तर काहीच नाही. आई ते खाऊन पाणी मागायला लागली. आईला तिखटानं हरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ताई एका दुपारी बाळंत झाली. मुलगी. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. आई देवाचं नाव घेत होती, ती अल्लाचं. नर्स बाहेर येऊन इंग्रजीत काय म्हणाली ते दोघींनाही समजलं नाही. मी सांगितलं. मग दोघी उठून एकमेकींच्या गळ्यातच पडल्या, मी तशीच उभी.

घरी आणल्यावर बाळंतिणीवरून खरी लढाई सुरू झाली, कारण दोघींनाही सगळं ठाऊक होतं. आईची शेगडी, शेपा, सुंठ, डिंकाचे लाडू. शेजारणीचा तापवून फडक्यात गुंडाळलेला दगड, हळद, कसला तरी पाल्याचा लेप. आई म्हणाली पोट बांधायला पाहिजे. शेजारणीनं आधीच लांबच्या लांब पट्टा आणून ठेवला होता. आईनं तो पट्टा चिमटीत धरला, उजेडात नेला, ओढून पाहिला. "बांध," ती म्हणाली. "कापड चांगलं आहे." बाळंतिणीला जपायचे दिवस ती सांगायची, तेही आमच्या सव्वा महिन्याच्या जवळपासच. ताई मधे निजलेली, एका बाजूनं शेक, दुसऱ्या बाजूनं लेप, आणि तक्रार करायची सोय नाही. एकदा ती मला म्हणाली, "एकच माय बरी होती वं." पण ती खुशीत होती. भिंतीपलीकडे ओरडून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायची आणि लग्नाआधी हसायची तशी मोठ्यानं हसायची. ते हसणं ऐकून आई काम करता करता थांबायची.

परतीचा दिवस जवळ आला. ताईचं आणि बाळाचं बोटीचं ठरलेलंच होतं. भाऊजी दुकानातून आले की बाळाला घेऊन बसायचे आणि दिवा लागला तरी खाली ठेवायचे नाहीत. आईला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. शेजारच्या मावशीला कळलं त्या दिवशी ती नुसतं "हो, हो" म्हणाली आणि बाळाच्या टोपऱ्यांचा ढीग आणून ताईच्या पेटीत स्वतः रचून गेली.

आदल्या दिवशी सकाळी ताई पेटी भरत होती. आई दारात उभी राहून पाहत होती. मग ती आत आली, पेटीपाशी बसली आणि ताईची लुगडी एकेक करून बाहेर काढून कपाटात परत ठेवायला लागली. टोपऱ्यांचा ढीगही ठेवला.

"तू राह्य इथंच," आई म्हणाली. "मले वाटे तू एकटी आहे. एकटी नाही तू."

"आन् बाबांना काय सांगशील?"

"ते माहं मी पाहीन."

ताईनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती लहान पोरीसारखी रडली. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बोटीवरही नाही. मी विचारलं, बाबांना तार करायची का? ती म्हणाली, "नको. तार ते एकटेच वाचतील. मी समोर असली पाहिजे."

नागपूर स्टेशनवर गाडी लागली तेव्हा बाबा प्लॅटफॉर्मवर होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी. बाहेर टांगा उभा करून आले होते. आई उतरली, मी उतरले. बाबांनी आमच्याकडे पाहिलं आणि लगेच आमच्या मागं, डब्याच्या दाराकडे.

"नाही आनलं मी तिले," आई म्हणाली. "तिचं तिथं चांगलं आहे. लई चांगलं आहे."

तरीही बाबा पायरीवर चढले, डब्यात गेले आणि बाकांवरून नजर फिरवून आले. उतरताना त्यांच्या हातात आमची वळकटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. मग आईकडे पाहून, आवाज सांभाळत त्यांनी विचारलं, "नाक कोनावर गेलं नातीचं?"

"तुमच्यावर," आई म्हणाली, आणि सिंगापूरपासून धरून ठेवलेलं सगळं रडू तिला तिथं, हमालांच्या गर्दीत, एकदम आलं. बाबांनी नवी टोपी काढून हातात घेतली आणि ते स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत तिच्याजवळ उभे राहिले.